पाइपवर उभा जॉइंट मिगने मारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं काम आहे, बहुतेक सगळं एमएस (साध्या लोखंडी) पाइपचं, शेडचे कॉलम, ट्रस, टाकीचे स्टँड, जिने. आयटीआय करून नवीन पोरं येतात, सपाट जॉबवर मिग (गॅसच्या आडोशात सतत पुढं येणाऱ्या वायरनं करायचं वेल्डिंग) एकदम मस्त चालवतात, आणि पाइप जागेवर फिक्स करून उभा जॉइंट मारायला सांगितला की हात थांबतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, मिगमध्ये बाहेरून सुंदर दिसणारी बीड (वेल्डची रेघ) आत चिकटलेलीच नसते असं होऊ शकतं, आणि उभ्या जॉइंटला ते सगळ्यात जास्त होतं. खालची निम्मी उत्तरं फिरून फिरून तिथंच येतात.

पाइप उभा असला की वर्टिकल वेल्डिंग, बरोबर ना?

नाही, उलटं आहे, आणि इथंच बरेच जण गडबडतात. पाइप खांबासारखा उभा असेल आणि त्यावर दुसरा पाइप जोडायचा असेल तर जॉइंट आडवा फिरतो, त्याला २जी म्हणतात. पाइप आडवा आहे आणि फिरवता येत नाही, तर जॉइंट घड्याळासारखा उभा गोल असतो, ती ५जी. तिथं खाली ६ वाजता ओव्हरहेड, ३ आणि ९ वाजता वर्टिकल, वर १२ वाजता सपाट, म्हणजे एकाच जॉइंटमध्ये तीन पोझिशन. पाइप ४५ अंशात फिक्स केला की ६जी. आणि रोलरवर ठेवून फिरवता येत असेल तर १जी, सगळ्यात सोपं, म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की जॉब फिरवता येतोय का ते आधी बघा, खाली जमिनीवर जेवढं फिरवून मारता येईल तेवढं मारून घ्या आणि मगच वर चढवा. ३जी म्हणजे प्लेटवरचा उभा जॉइंट, सराव तिथून सुरू होतो.

मिग, मॅग, सीओटू, नक्की काय म्हणायचं?

आपल्याकडं शॉपमध्ये सगळे सीओटूच म्हणतात. पुस्तकाप्रमाणं आर्गॉनसारखा अक्रिय गॅस असेल तर मिग आणि सीओटू किंवा आर्गॉन-सीओटू मिक्स असेल तर मॅग, म्हणजे स्टीलवर आपण करतो ते खरं मॅग. पण मशीनवर मिग लिहिलेलं असतं, बोलतातही मिगच, म्हणून इथं मिगच लिहितो.

खालून वर जायचं की वरून खाली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. भार घेणारा जॉइंट असेल आणि पाइपची जाडी ३ मिमीच्या वर असेल तर खालून वर, यात दुसरा विचार नाही. वरून खाली येताना वितळलेलं लोखंड वजनानं आर्कच्या (विजेच्या ठिणगीच्या) पुढं धावतं, आर्क मूळ धातूवर पडायच्या ऐवजी त्या ओघळलेल्या लोखंडावर पडतो, खालचा धातू वितळतच नाही, आणि वरून मात्र बीड इतकी गुळगुळीत दिसते की बघणारा खूश होतो. याला कोल्ड लॅप म्हणतात, लॅक ऑफ फ्युजन.

मी दुसरीकडं नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. कॉलमच्या पाइपला १० मिमीचे गसेट (आधाराच्या प्लेटा) लावायचे होते, घाई होती, वरिष्ठांनी सांगितलं सगळे डाउनहिल, म्हणजे वरून खाली, ओढा, लवकर होतील. आम्ही ओढले. दुसऱ्या दिवशी क्रेननं कॉलम उचलताना एक गसेट कटकन सुटून खाली पडला, नशीब म्हणायचं की खाली कोणी नव्हतं. मी तो तुकडा हातात घेऊन बघितला तर बीड अख्खीच्या अख्खी गसेटच्या बाजूला होती, आणि पाइपवर, जिथं ती चिकटायला पाहिजे होती तिथं, निळसर काळी मिल स्केल (पोलादावर आधीपासून असलेला थर) जशीच्या तशी. ग्राइंडरच्या चाकाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. तव्यावरून भाकरी सुटावी तसं सुटलं होतं ते. त्या दिवसापासून मी जाड जॉबवर डाउनहिल मारलेलं नाही आणि माझ्या शॉपमध्ये कोणाला मारू देत नाही.

पातळ पाइपला, १.६ किंवा २ मिमीच्या रेलिंगला वगैरे, डाउनहिल चालतं, उलट तिथं खालून वर गेलात तर भोक पडेल. अमेरिकेच्या डी१.१ या स्ट्रक्चरल कोडमध्ये प्रीक्वालिफाइड प्रोसिजरला (आधी टेस्ट न करता वापरता येणाऱ्या पद्धतीला) उभ्या पोझिशनमध्ये खालून वरच जायला सांगितलंय, अंडरकट (बीडच्या कडेला पडलेली खाच) भरण्यासारखे अपवाद सोडले तर. आणि शॉर्ट सर्किट मिग (वायर टेकत टेकत चालते ते) तर ते प्रीक्वालिफाइडमध्ये धरतच नाहीत, आधी टेस्ट करून प्रोसिजर पास करावी लागते. कारण तेच, कोल्ड लॅपची भीती. "पण क्रॉस कंट्री लाइनवर तर डाउनहिल मारतात" असं पोरं म्हणतात, म्हणजे लांबच्या पाइपलाइनवर, ते सेल्युलोज रॉडनं मारतात, तिचा आर्क खोदत जातो, मिगशी त्याची तुलना करू नका.

व्होल्टेज, अँपिअर किती ठेवू?

मशीनप्रमाणं, केबलच्या लांबीप्रमाणं फरक पडतो, त्यामुळं आकडे सुरुवात म्हणून घ्या आणि स्क्रॅप पाइपवर मारून मग जॉबला हात लावा. ०.८ वायर, ३ ते ४ मिमी जाडी, मिक्स गॅस, तर ८० ते ११० अँपिअर आणि १७ ते १८ व्होल्ट. १.२ वायर, ५-६ मिमी जाडी, तर १२० ते १४० अँपिअर, १८ ते १९.५ व्होल्ट. शुद्ध सीओटूवर एक-दीड व्होल्ट वाढवावा लागतो. सपाट जॉबला जे सेटिंग होतं त्यापेक्षा थोडं कमी, पण फार कमी करू नका, पोरं ओघळ बघून घाबरतात आणि इतकं खाली आणतात की नुसतं लोखंड वर चिकटत जातं.

हे सगळं शॉर्ट सर्किट मोडमधलं आहे, म्हणजे वायर सेकंदाला अनेक वेळा पडलमध्ये (वितळलेल्या लोखंडाच्या थारोळ्यात) टेकते आणि थेंब सोडते. स्प्रे मोडमध्ये, म्हणजे वायर न टेकता बारीक थेंब उडतात तिथं, उभा जॉइंट होत नाही, पडल एवढा मोठा आणि पातळ होतो की खाली सांडतो. पल्स मशीन (करंट सतत कमी-जास्त करणारं) असेल तर गोष्ट वेगळी, पल्सवर उभा चांगला होतो.

आवाजावरून ओळखा. पत्र्यावर बारीक पाऊस पडतो तसा एकसारखा तडतड आवाज आला की बरोबर. टप टप मोठे थेंब आणि स्पॅटर (लोखंडाचे कण) उडतोय तर व्होल्टेज जास्त आहे, वायर जॉबला ढोसतेय आणि हाताला धक्के बसतायत तर व्होल्टेज कमी किंवा वायर स्पीड जास्त. मशीनला इंडक्टन्सचा नॉब असेल तर तो विसरू नका, वाढवला की पडल जरा पातळ होतो आणि कडांना नीट पसरतो, स्पॅटरही कमी.

वायर आणि पोलॅरिटी?

ईआर७०एस-६, कॉपर कोटेड, सगळीकडं मिळते. सिलिकॉन-मँगनीज जास्त असतं, थोडाफार गंज ती सांभाळून घेते. सॉलिड वायरला टॉर्च प्लसवर. गॅस न लागणारी फ्लक्सवाली वायर घरगुती मशीनमध्ये घालतात, तिला बहुतेक वेळा टॉर्च मायनसवर लागतो, आणि हे न बदलता चालवून "मशीन खराब आहे" म्हणून परत घेऊन येणारे बरेच बघितलेत.

बेव्हल, गॅप आणि टॅक कसे ठेवायचे?

अर्धा जॉइंट इथंच जिंकला जातो. बट जॉइंटला (टोकाला टोक जोडताना) दोन्ही पाइपना ३० ते ३५ अंश बेव्हल (कडेचा तिरका काप), टोकाला १ ते १.५ मिमी सपाट नाक, आणि मध्ये २.५ ते ३ मिमी गॅप. गॅप धरायला २.५ ची रॉड घ्या, फ्लक्स झाडून टाका, यू आकारात वाकवा आणि दोन पाइपच्या मध्ये ठेवून टॅक मारा. बाहेरून आणि आतून एक इंच तरी चकचकीत होईपर्यंत ग्राइंड करा. मिल स्केलवर, रंगावर, तेलावर मिग मारायचा नाही, वर गसेटचं सांगितलं ते आठवा.

पाइप घेताना पट्टा बघा, आयएस १२३९ च्या पाइपला ए क्लास म्हणजे लाइटला पिवळा, बी म्हणजे मीडियमला निळा, सी म्हणजे हेवीला लाल. ४ इंची पाइपला तिन्हीचा बाहेरचा व्यास जवळपास ११४ मिमीच, पण जाडी ३.६, ४.५ आणि ५.४. बाहेरून सारखाच दिसतो आणि सेटिंग मात्र बदलतं.

टॅक चार, समोरासमोर. टॅक म्हणजे तात्पुरता ठिपका नव्हे, तो रूटचाच (सगळ्यात आतल्या पहिल्या थराचाच) भाग होणार आहे, म्हणून १५-२० मिमी लांब, पूर्ण पेनिट्रेशनचा (आरपार वितळणारा) मारा आणि दोन्ही टोकं पातळ ग्राइंडिंग डिस्कनं उतरती करा. टोक उतरतं नसेल तर रूट येऊन त्याला नुसती टेकते, मिसळत नाही.

टॉर्च कसा धरायचा, नजर कुठं ठेवायची?

नोझल कायम पाइपच्या मध्याकडं बघत असला पाहिजे आणि वरच्या दिशेला ५ ते १० अंश कललेला, म्हणजे जिकडं जायचंय तिकडं. पाइप गोल आहे म्हणून ६ वाजल्यापासून १२ पर्यंत तुमचं मनगट सतत फिरत राहणार. सुरू करायच्या आधी टॉर्चचं बटन न दाबता एकदा पूर्ण फेरी मारून बघा, कोपर कुठं अडकतंय, केबल कुठं ओढतेय ते कळतं, केबल खांद्यावर घ्या म्हणजे तिचं वजन मनगटावर येत नाही. स्टिकआउट (टॉर्चच्या टोकाबाहेर आलेली वायर) १० ते १२ मिमी. तो वाढला की करंट पडतो, पेनिट्रेशन जातं, गॅसही नीट पोचत नाही, आणि हे हळूहळू होतं म्हणून कळत नाही.

नजर आर्कच्या ठिणगीवर नाही, पडलच्या पुढच्या कडेवर. नवीन माणूस उजेडाकडं बघतो आणि फक्त पांढरा गोळा दिसतो. काच नीट असेल, १० किंवा ११ शेड, तर त्या पांढऱ्याच्या बाजूला नारिंगी, थरथरणारं, तेलासारखं पातळ लोखंड दिसतं आणि त्याची कड बेव्हलच्या बाजूत शिरताना दिसते. ती कड बेव्हलमध्ये ओली होऊन मिसळली, दोघांमधली रेष पुसली गेली, तेव्हाच पुढं सरकायचं. रेष अजून दिसतेय आणि लोखंड गोल फुगून नुसतं टेकलंय तर तिथं चिकटलेलं नाही, वरून कितीही मारा, आत तसंच राहणार.

रूट मारताना पाइपच्या आत वायरचे तुकडे राहतात, का?

कारण वायर पडलच्या पुढं गॅपमध्ये जातेय, आर्क लागायला काही नाही, ती सरळ आत घुसते आणि मिशीसारखी आत लटकत राहते. वायर कायम पडलच्या पुढच्या कडेवर ठेवा, कडेच्या पुढं नाही आणि फार मागंही नाही, मागं राहिलात तर पेनिट्रेशन मिळत नाही. छोटी हालचाल, एका नाकावरून दुसऱ्या नाकावर, चंद्रकोरीसारखी, दोन्ही बाजूला क्षणभर थांबून. गॅप एखाद्या ठिकाणी मोठा वाटला तर झोक्याची रुंदी वाढवा, थांबू नका, थांबलात की लोखंड आत गळतं.

फिल आणि कॅपला झोका कसा?

फिल म्हणजे रूटवरचे मधले थर, कॅप म्हणजे सगळ्यात वरचा. कडेला थांबा, मध्ये पटकन जा. मनात एक-दोन मोजा, कडेला "एक", मध्ये काही नाही, दुसऱ्या कडेला "दोन". मध्ये रेंगाळलात तर मध्ये उंटासारखी पाठ येते आणि कडांना अंडरकट. अंडरकट दिसला की लोक व्होल्टेज कमी करतात, खरं तर बऱ्याच वेळा कडेला थांबणं कमी पडलेलं असतं. गसेटसारख्या फिलेटला (कोपऱ्यातल्या जॉइंटला) त्रिकोण काढा, आधी कोपऱ्यात आत, मग एक कड, मग दुसरी, परत आत, कोपरा कधी सोडायचा नाही.

प्रत्येक थरानंतर वायर ब्रश मारा. बीडवर तपकिरी काचेसारखे ठिपके दिसतात, ते सिलिकॉनचे, नखानं टोकरलं तरी टक्कन उडतात. मिगला स्लॅग नसतो म्हणून लोक साफ करतच नाहीत, पण हे ठिपके वरच्या थरात अडकतात, आणि कॅपवर राहिले तर रंगासकट सुटतात आणि तिथून गंज लागतो.

६ वाजता ओघळतं आणि ९ वाजता बरं होतं, असं का?

खाली ओव्हरहेड आहे, तिथं पडल छोटा ठेवावा लागतो. वेग जरा वाढवा, झोका कमी करा. नेमक्या ६ वाजता सुरू करू नका, मध्याच्या थोडं पलीकडून, साडेसहाच्या आसपास सुरू करून ६ ओलांडून ३ कडं चढा. मग ती सुरुवात ग्राइंडरनं उतरती करून दुसरी बाजू तिच्यावरून सुरू करा. वर १२ ला पण तसंच, थोडं ओलांडून थांबायचं. गळती आणि तडा बहुतेक जोडावरच निघतो, मधल्या बीडमध्ये नाही. थांबताना एकदम बटन सोडू नका, खड्डा भरा, नाहीतर खड्ड्याच्या मध्ये बारीक तडा राहतो.

बीडमध्ये पिनहोल येतात.

पंखा बंद करा, हे पहिलं. उन्हाळ्यात शॉपमध्ये पेडेस्टल फॅन लागतोच, पण डी१.१ मध्ये मिगसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे, म्हणजे साधी झुळूक झाली. उघड्यावर काम असेल तर ताडपत्री लावा. गॅस मिनिटाला १० ते १५ लिटर, २५ करून उपयोग नाही, जास्त प्रेशरनं गॅस घुसळतो आणि बाहेरची हवाच आत ओढतो.

मग नोझल काढून बघा, आत स्पॅटरचं कडं जमलेलं असतं, गॅस एका बाजूनंच येत असतो. सीओटूचा हीटर चालू आहे का बघा, सिलिंडरमध्ये सीओटू द्रवरूपात असतो, त्याचा गॅस होताना थंडी तयार होते, हीटर बंद असेल तर रेग्युलेटरवर पांढरं बर्फ धरतं आणि गॅस मध्येच तुटतो. आणि गेजवर विसंबू नका, आत द्रव आहे तोपर्यंत प्रेशर तेवढंच दाखवतं, द्रव संपला की काटा पडतो, गॅस किती राहिलाय ते वजनावरच कळतं. सिलिंडर आडवा पाडून वापरू नका, द्रव बाहेर येईल.

जीआय पाइपवर मिग चालतो का?

जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप, तो जस्त काढल्याशिवाय नाही. जस्त ९०७ अंशालाच उकळतं, स्टील तर १५०० च्या आसपास वितळतं, म्हणजे पडल तयार व्हायच्या आत जस्ताची वाफ होऊन बीडमधून बुडबुडे निघतात. जॉइंटच्या दोन्ही बाजूला इंचभर ग्राइंड करून काढा. तो पांढरा धूर छातीत गेला की चार-सहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, मलेरियासारखं वाटतं. "दूध प्या, गूळ खा म्हणजे काही होत नाही" असं जुने लोक सांगतात, मनापासून सांगतात, पण फुफ्फुसात गेलेला धूर दुधानं निघत नाही. मास्क घाला, धूर तोंडावर येणार नाही असं उभे राहा.

प्रेशरच्या लाइनवर शॉर्ट सर्किट मिग मारू का?

स्वतःच्या मनानं अजिबात नाही. स्टीम, गॅस, एअर, जिथं जॉइंट फुटला तर माणूस मरेल तिथं प्रोसिजर लिहिलेली पाहिजे आणि त्या प्रोसिजरवर वेल्डर पास झालेला पाहिजे. आपल्याकडं साधारण टिगचा (टंगस्टनच्या टोकाच्या आर्कनं मारलेला) रूट आणि वर स्टिक (साधी वेल्डिंग रॉड) असंच चालतं. एसटीटी, आरएमडी सारख्या कंट्रोल्ड शॉर्ट सर्किटच्या मशीननं मिगचा रूट घेतात, पण ते मशीन वेगळं, ट्रेनिंग वेगळं.

रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं.

आर्क लागली, म्हणजे आर्कच्या उजेडानं डोळे भाजले. मिगचा आर्क उघडा असतो, धूर कमी, म्हणून स्टिकपेक्षा जास्त लागतो, हेल्परलाही लागतो आणि त्याच्याकडं तर काच नसतेच. त्याला काच द्या, ही तुमची जबाबदारी आहे. बटाट्याच्या चकत्या ठेवण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. टेरीकॉटचे कपडे नकोत, सुती घाला. आणि टाकीच्या आत किंवा खड्ड्यात मिग चालवताना लक्षात ठेवा, सीओटू आणि आर्गॉन दोन्ही हवेपेक्षा जड, खाली साचतात, माणूस न ओरडता पडतो. आत हवा खेळती पाहिजे, बाहेर एक माणूस कायम पाहिजे.

माझा जॉइंट चांगला आहे हे मला कसं कळेल?

कापून. दुसरा मार्ग नाही. ४ इंची स्क्रॅप पाइपचे दोन तुकडे घ्या, पूर्ण तयारी करून ५जी मध्ये मारा, मग चार पट्ट्या कापा, दीड इंच रुंद, वरची-खालची बीड पाइपच्या पातळीत ग्राइंड करा. व्हाइसमध्ये किंवा प्रेसवर यू आकारात वाकवा, दोन पट्ट्या कॅप बाहेर ठेवून, दोन रूट बाहेर ठेवून. ३ मिमीपेक्षा मोठी फट उघडली तर फेल, एएसएमई या अमेरिकन कोडच्या टेस्टमध्येही मर्यादा तीच आहे.

माझी पहिली ५जी पट्टी ३ वाजताच्या जागेवर उघडली होती, कॅप इतकी छान होती की सगळ्यांना दाखवत फिरलो होतो, आणि वाकवल्यावर रूटच्या एका बाजूनं फट उघडली, आत बेव्हलची कड तशीच, न वितळलेली. मी तिथं टॉर्च पाइपच्या मध्याकडं न ठेवता वर तिरका केला होता, हात पोचत नव्हता म्हणून. नंतर स्टूल घेतलं, खांदा जॉइंटच्या पातळीत आणला, दुसरा हात पाइपवर टेकवला आणि चौथ्या पाइपला चारही पट्ट्या पास झाल्या. ती फेल झालेली पट्टी अजून शॉपमध्ये मशीनच्या वर खिळ्याला लटकवलेली आहे, नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी ती त्याच्या हातात देतो.